बावचीची पूड

ग्वेल्फ
२२ जानेवारी २०२३

प्रिय आत्या,
जय भीम.

फोनवर तू सगळं तीन मिनिटांत उरकतेस. "बरी आहे, जेवले, बर्फ पडतोय, ठेव आता." म्हणून पत्र लिहायला बसले. यात तुला मध्येच ठेव म्हणता येणार नाही.

ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना तू पडलीस ३० डिसेंबरला. मला कळलं १४ जानेवारीला, तेही कॅमेऱ्यात चुकून प्लास्टर दिसलं म्हणून. पंधरा दिवस तू फोन असा धरत होतीस की फक्त चेहरा दिसावा. मी तुझी भाची आहे आत्या, इन्शुरन्सवाली नाही.

आतोबा गेल्यापासून तीन वर्षं तू विंडसरच्या त्या घरात एकटी राहतेस आणि मी इथे अडीच तासांवर बसून वेदर ॲप बघत असते. फ्रीझिंग रेन लिहिलं की माझं लॅबमधलं काम बिघडतं. परवा दुधाच्या सॅम्पलवर दह्याचं लेबल लावलं.

तुझा हाडांचा रिपोर्ट मी दोनदा वाचला. घनता उणे तीन पूर्णांक एक, हाडं पार ठिसूळ. म्हणजे मनगटावर सुटलीस, पुढच्या वेळी कंबर असेल. डॉक्टरनं आठवड्याला एक अशी गोळी लिहून दिलीय ना? ती सुरू केलीस का? हो किंवा नाही, एवढंच कळव.

प्रीतम म्हणतो बेसमेंट रिकामंच आहे, आत्यांना इकडेच आणू. तुझी नात ऊर्मी म्हणते, "टेल हर वी हॅव अ हीटर डाउन देअर."

तुझी,
कल्याणी


विंडसर
५ फेब्रुवारी २०२३

प्रिय कल्याणी,
जय भीम.

बेसमेंटमध्ये मी राहणार नाही. तिथे तुझ्या नवऱ्याच्या सायकली राहतात. ऊर्मीला म्हणावं, हीटरबद्दल थँक यू.

गोळीचं विचारलंस. सुरू केली होती. शनिवारी सकाळी उपाशीपोटी ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास ताठ बसायचं, वाकायचं नाही, आडवं व्हायचं नाही. शाळेत बाकावर उभं करायचे तसं वाटलं. दोन शनिवार घेतली, दोन्ही वेळा छातीत जळजळ. मग सोबतचा कागद वाचला. बारीक अक्षरात जबड्याच्या हाडाबद्दल काहीतरी होतं. सिटी लायब्ररीच्या काउंटरवर एकोणीस वर्षं काढलीत मी, बारीक अक्षर सोडायची सवय नाही. बंद केली.

ओरडू नकोस, पुढचं ऐक. वायंडॉट स्ट्रीटवर एक चिनी औषधांचं दुकान आहे. मागच्या सोमवारी बसस्टॉपवर पाय गारठले म्हणून आत शिरले. भिंतभर लाकडी ड्रॉवर, तागडी, आणि आपल्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात येतो तसा वास. मालक मिस्टर त्सुई, साठीचे असतील. भिंतीवर सर्टिफिकेट होतं, ते मी आधी वाचलं. रीतसर परवाना आहे.

त्यांनी जीभ बघितली, नाडी बघितली, झोप विचारली. तासभर गेला. आपला फॅमिली डॉक्टर आठ मिनिटं देतो, त्यातली सहा कॉम्प्युटरला. मग त्यांनी ड्रॉवरमधून एकेक वस्तू काढून तोलली आणि तीन आठवड्यांच्या पुड्या बांधल्या. एका ड्रॉवरमधून काळं चपटं बी निघालं. मी चिमूटभर हातात घेऊन वास घेतला.

"हे मला माहीत आहे," म्हटलं. "आमच्याकडे याला बावची म्हणतात."

ते हसले. "आमच्याकडे बू गू ज. हाडासाठी. पण फार थोडं. आणि मधून मधून रक्त तपासायचं."

तुझ्या बाबांच्या मानेवर पांढरा डाग आला होता, तेव्हा आमची आई बावचीचंच तेल लावायची. इतक्या दूर येऊन आपल्या घरची वस्तू भेटली बघ.

चाळीस मिनिटं उकळावं लागतं. घरभर वास सुटतो. आपोआप खिडकी उघडली जाते, हवा खेळते.

तुझी आत्या,
बेबी


ग्वेल्फ
१२ फेब्रुवारी २०२३

प्रिय आत्या,
जय भीम.

ओरडत नाही. प्रीतमनं पहिलं पत्र फाडायला लावलं, हे दुसरं आहे.

मी दिवसभर खाण्याच्या वस्तू तपासते. हळदीत काय निघतं, मधात काय निघतं, हे मला माहीत आहे. आणि तू कुठल्याशा चिन्याच्या ड्रॉवरमधलं बी उकळून पितेस. सर्टिफिकेट भिंतीवर असतं गं, पुडीत काय आहे ते भिंत सांगत नाही.

आजी बावची लावायची, खायला द्यायची नाही. आणि ते तेल लावून उन्हात गेले की बाबांची कातडी भाजायची, हे तूच मला सांगितलंयस.

गोळीनं जळजळ होते तर डॉक्टरला सांग. वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं औषधही असतं. तू डॉक्टरला सांगितलंस का, की गोळी बंद केलीस? आणि त्या माणसाला सांगितलंस का, की डॉक्टरनं गोळी दिली होती? त्याच्या पुडीतल्या वस्तूंची यादी पाठव. झोप लागत नाही मला.

कल्याणी


विंडसर
२६ मार्च २०२३

प्रिय कल्याणी,
जय भीम.

प्लास्टर निघालं. हात सोललेल्या काडीसारखा झालाय, पण बोटं हलतात.

यादी मागितलीस. ती चिनी अक्षरांत आहे, पाठवून काय करशील? त्सुईंनी मागच्या आठवड्यात औषध बदललं. नवीन पुडी फिकी लागते. पहिली कडू होती, पण पायांत जोर वाटायचा. पहिल्या पुडीवर मी नदीकाठी पार पुलापर्यंत चालत गेले होते. नव्या पुडीवर निम्म्यातून परत आले. मी त्यांना म्हटलं, तीच द्या. ते नाही म्हणाले. नियमाचा माणूस आहे.

इकडे सगळं ठीक. मंदाकिनी वासनिक नागपूरला गेलीय, मेमध्ये येईल. तिच्याजवळ मी माझी यादी दिली आहे. तुला काही मागवायचं असेल तर तिला मेसेज कर. आपल्या असोसिएशनची एप्रिलमधली भीमजयंती यंदा इथेच आहे, पोह्यांचं काम माझ्याकडे.

रक्त तपासलं, नॉर्मल आलं. आता तरी झोप.

आत्या


ग्वेल्फ
२० जून २०२३

प्रिय आत्या,
जय भीम.

तीन महिने होत आले, तुझं पत्र नाही. फोनवर आवाज ओढल्यासारखा येतो. मंदाकिनीकाकूंनी फोटो पाठवला, त्यात तुझ्या दोन्ही हातांवर फोड दिसतात. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, नदीकाठी ऊन लागलं तिला." जूनमध्ये विंडसरला इतकं ऊन लागतं का? तू अठ्ठावीस उन्हाळे तिथे काढलेस, कधी फोड आले नाहीत.

भूक लागते का? झोप? मी वर्कवर बसून उगाच खिडकीपाशी जाते आणि परत येते. बॉसनं विचारलं, तुझं काही हरवलंय का.

कॅनडा डेच्या वीकेंडला आम्ही तिघं येतोय. काही करू नकोस.

कल्याणी


विंडसर
२५ जून २०२३

कल्याणी,

ऊन लागलं. बाकी काही नाही. येऊ नका, घर आवरलेलं नाही आणि मला पाहुण्यांचा कंटाळा आला आहे.

आत्या


ग्वेल्फ
१६ जुलै २०२३

प्रिय आत्या,
जय भीम.

तू म्हणालीस, त्या दिवसांतलं धड काही आठवत नाही. म्हणून लिहून ठेवते.

पहिल्या तारखेला दुपारी आम्ही पोचलो. तू दार उघडलंस आणि ऊर्मी मागे सरकली. तुझे डोळे पिवळे होते. तू म्हणालीस, पडद्याचा रंग आहे. मी वॉशरूममध्ये गेले तर तू खाजवून खाजवून टॉवेल रक्ताळला होता. प्रीतमनं गाडी बंदही केली नव्हती. तसंच इमर्जन्सीला नेलं. लिव्हरचे आकडे नॉर्मलच्या तीसपट होते. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईनं तुला विचारलं, "काही औषधं, सप्लिमेंट, काहीही घेता का?" तू म्हणालीस, "चायनीज हर्ब्ज." तिनं विचारलं, "अजून काही?" तू मान हलवलीस. नाही.

सहा दिवस. तिसऱ्या दिवशी त्या बाईंनी मला बाहेर नेऊन सांगितलं की आकडे उतरले नाहीत तर तुला ट्रान्सप्लांटची सोय असलेल्या हॉस्पिटलला हलवावं लागेल. मी कॉरिडॉरमध्ये व्हेंडिंग मशिनसमोर उभी राहिले आणि मला कुठलं बटन दाबायचं ते कळेना. मागे एक माणूस होता, त्यानं विचारलं, मॅम, तुम्ही रांगेत आहात का? चौथ्या दिवशी आकडे उतरायला लागले.

तुझ्या किचनमधल्या सगळ्या पुड्या आणि ओट्यावरचा स्टीलचा डबा मी कचऱ्यात टाकला. डब्यात करडी पूड होती, तीही झटकून टाकली. आता पाणी, भात, वरण आणि दर आठवड्याला ब्लड टेस्ट. असोसिएशनमधला शैलेंद्रदादा तुला गाडीनं नेईल.

बाकीचं मी बघते. तू डोक्याला त्रास देऊ नकोस.

कल्याणी


विंडसर
३० जुलै २०२३

कल्याणी,

परवा शैलेंद्र ब्लड टेस्टहून परत आणताना वायंडॉटवरून आला. मी त्याला गाडी थांबवायला लावली. दुकानात कुणी नव्हतं. शुक्रवारी दुपारी तिथे चारपाच माणसं खुर्च्यांवर बसलेली असायची. मिस्टर त्सुई काउंटरमागे उभे होते. मला बघून त्यांनी मान झुकवली आणि म्हणाले, "मिसेस गजभिये, परवाना देणाऱ्या मंडळाकडे माझी तक्रार झालीय. वकिलानं मला तुमच्याशी बोलू नका म्हणून सांगितलंय."

मंदाकिनीनं मग मला फोनवर दाखवलं. असोसिएशनच्या ग्रुपवर तू त्यांच्या दुकानाचा फोटो टाकलास. खाली लिहिलंस, "या माणसानं माझ्या आत्याला मरणाच्या दारात नेलं, इथे जाऊ नका." टोरांटोपासून व्हिटबीपर्यंत सगळीकडे तो फिरला. इथल्या इंडियन ग्रोसरीतल्या बाईनं तो दाराला चिकटवला.

आणि हॉस्पिटलमध्ये तू माझी सही घेतलीस तो कागद काय होता? तू म्हणालीस इन्शुरन्सचा. आयुष्यात मी न वाचता एकच सही केली. तू पुढे केलास म्हणून.

ग्रुपवरचं काढ. मंडळाकडची तक्रार मागे घे. कारण विचारू नकोस.

आत्या


ग्वेल्फ
२७ ऑगस्ट २०२३

आत्या,

चार आठवडे उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं. आजही नीट कळत नाही.

सहीचं खरं आहे. तो तुझे रेकॉर्ड मंडळाला देण्याचा परवानगीचा कागद होता. तू अर्धवट शुद्धीत होतीस आणि मी खोटं बोलले. त्याबद्दल तू मला हवं ते बोल. पण तक्रार मागे घेणार नाही असं मी ठरवलं होतं. मला वाटलं, तू दया करतेस. त्यानं जीभ बघितली, तासभर गप्पा मारल्या, म्हणून तू विरघळलीस.

परवा त्याचं उत्तर आलं. तक्रार करणाऱ्याला प्रत पाठवतात. सोबत त्याच्या केसपेपरच्या झेरॉक्स आहेत, इंग्रजीत. मी पाठ होईपर्यंत वाचल्यात.

३० जानेवारी. "पेशंटला सांगितलं, फॅमिली डॉक्टरचं हाडांचं औषध बंद करू नका. माझं औषध जोडीला आहे, बदल्यात नाही." २० फेब्रुवारी. "रक्त तपासून आणायला सांगितलं." १७ मार्च. "रिपोर्ट नॉर्मल. तरी वय पाहता बू गू ज बंद केलं. पेशंट नाराज. पुन्हा मागते. नकार दिला." ५ मे. "पेशंट आली नाही. फोन केला. म्हणाली, बरी आहे." त्यानंतर काही नाही.

आत्या, त्यानं मार्चमध्ये ते बी बंद केलं असेल तर जूनमध्ये तुला फोड कसे आले?

प्रीतम म्हणतो, हे सगळं नंतर बसून लिहिलेलं असू शकतं. मलाही तेच वाटावं अशी माझी फार इच्छा आहे. तू फक्त एक वाक्य लिही. तो खोटं बोलतोय, एवढं. मी मग काही विचारणार नाही.

कल्याणी


विंडसर
४ सप्टेंबर २०२३

प्रिय कल्याणी,
जय भीम.

तो खोटं बोलत नाही.

मार्चमध्ये त्यांनी बावची काढली तेव्हा मला राग आला. पाय चालत होते ते थांबले असं वाटलं. मनात आलं, हा बाई-माणूस म्हणून मला लहान पोरासारखं मोजून देतो. आपल्याच मातीतली वस्तू, आणि हा मला शिकवणार. मंदाकिनी नागपूरला निघाली होती, तिला म्हटलं इतवारीच्या बाजारातून एक किलो बावची आण. तिला वाटलं डागाला लावायला हवी. मी मिक्सरमधून पूड केली. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा, कोमट पाण्यासोबत. सात आठवडे. तू कचऱ्यात टाकलास तो स्टीलचा डबा त्याचा होता. त्यात त्सुईंचं काहीच नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये त्या पोरीनं विचारलं, अजून काही? मला तेव्हा पूर्ण शुद्ध होती. तुला वाटलं तशी अर्धवट नव्हते. मी मान हलवली ती ठरवून हलवली.

का, ते लिहायला मला तीन दिवस लागले. आठवतं तुला, सावनेरच्या त्या बाईला मी भर सभेत रागावले होते, अंगारा कशाला खाते, डॉक्टरकडे जा म्हणून? तीस वर्षं मी हेच बोलत आले. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून घ्या. ती मी प्लास्टिकच्या पिशवीतलं बी चमच्यानं खाते, हे त्या डॉक्टर पोरीसमोर, तुझ्यासमोर, माझ्या तोंडातून निघेना. चायनीज म्हटलं की सगळ्यांना लगेच पटलं. कुणी पुढचं विचारलंच नाही. तेच मला सोयीचं झालं.

गोळीचंही खरं सांगते. जळजळ झाली, पण सोसवणार नाही इतकी नव्हती. तुझ्या आतोबांचा तो सात झाकणांचा डबा होता, रविवार ते शनिवार. शेवटची दोन वर्षं दर रविवारी मी तो भरत होते. चौदा गोळ्या रोजच्या. माझी एक गोळी ठेवायला मी तोच डबा काढला आणि शनिवारचं झाकण उघडलं. त्यात त्यांची अर्धी गोळी राहिली होती. पुन्हा मला तो डबा उघडायचा नव्हता.

आणि त्सुईंकडे मी का जात राहिले, तेही सांगून टाकते. नाडी बघताना ते मनगटावर तीन बोटं ठेवून गप्प बसायचे. एका हाताची पाच मिनिटं, मग दुसऱ्या हाताची. प्लास्टरचा हात होता तेव्हा म्हणाले, याची नंतर बघू, आणि प्लास्टर निघाल्यावर खरंच बघितली. आतोबा गेल्यापासून इतका वेळ माझा हात कुणी धरला नव्हता. मला तेवढ्यासाठीही तिथे जायचं असायचं. म्हातारपणी असं काही लिहायला लाज वाटते, पण लिहिलं.

त्या माणसानं मला जपलं आणि मी त्याच्यावर माझं पाप टाकलं. मंडळाला मी इंग्रजीत पत्र लिहिलंय, माझ्या नावानं, तारीखवार. शैलेंद्रनं रजिस्टर्ड पोस्टानं टाकलं. प्रत सोबत आहे. इंग्रजी तपासू नकोस, बरोबर आहे.

आत्या


ग्वेल्फ
१२ सप्टेंबर २०२३

प्रिय आत्या,
जय भीम.

तुझं पत्र मी लॅबच्या पार्किंगमध्ये वाचलं आणि अर्धा दिवस रजा टाकून घरी आले. घरी आल्यावर काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

तुझ्यावर रागवावं म्हणून बसले. पण तुझी मान हलली तेव्हा मी शेजारीच उभी होते. दुसऱ्या कुणाची आत्या असती तर मी विचारलं असतं, त्या डब्यात काय आहे? माझं काम तेच आहे. मी हात घालून तो डबा कचऱ्यात उलटा केला. एक चमचा बाजूला काढून लॅबमध्ये नेला असता तर दोन दिवसांत कळलं असतं. मला कळून घ्यायचं नव्हतं. मला दोष द्यायला कुणीतरी हवा होता आणि तो चिनी होता. फेब्रुवारीच्या पत्रात मी त्याला काय म्हटलं ते आठवलं. नाव माहीत असून नाव लिहिलं नव्हतं.

मंडळाला मीही लिहिलं. तक्रार अशी मागे घेता येत नाही म्हणे, चौकशी पूर्ण व्हायलाच हवी. अजून कित्येक महिने जातील. ग्रुपवरचा मेसेज काढला आणि जे खरं घडलं ते टाकलं. चार जणांनी नुसती अंगठ्याची खूण टाकली. एकानं लिहिलं, "तरी पण सांभाळून राहिलेलं बरं." ग्रोसरीतल्या बाईला फोन केला, तिनं कागद काढला म्हणते.

शनिवारी मी विंडसरला येते. दुकानात जाऊन त्यांच्यासमोर उभी राहते. तू सोबत येऊ नकोस, माझं मला करू दे. रात्री तुझ्याकडेच थांबेन. सलाइनच्या औषधाचं मी डॉक्टरशी बोलले, लिव्हरला त्याचा त्रास नाही म्हणतात. पण ठरवायचं तू.

कल्याणी


विंडसर
२२ ऑक्टोबर २०२३

प्रिय कल्याणी,
जय भीम.

तू मागच्या महिन्यात येऊन गेलीस. दुकानात काय झालं ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. तू फक्त म्हणालीस, "त्यांनी मला बसायला खुर्ची दिली." त्यावरून काय ते मी समजले.

आता माझं ऐक. सलाइन घेतलं, ५ तारखेला. अर्धा तास लागला. रात्री ताप भरला, सगळं अंग ठणकलं, दुसऱ्या दिवशी उतरलं. हाडांचं काय होतं ते वर्षानं कळेल.

चौदा ऑक्टोबरला व्हिटबीच्या हॉलमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला. ऊर्मीच्या परीक्षेमुळे तुम्हाला येता आलं नाही, ते बरंच झालं. तू असतीस तर माझा धीर सुटला असता. वंदना झाली, भाषणं झाली. सूचना द्यायला माइक आला तेव्हा मी उठले. शंभरेक माणसं असतील. मी म्हटलं, "जुलैमध्ये तुमच्या सगळ्यांच्या फोनवर एका दुकानाचा फोटो आला होता. त्या माणसाची चूक नव्हती. त्यानं जे बंद केलं ते मी नागपूरहून मागवून चोरून खाल्लं, आणि डॉक्टरनं विचारलं तेव्हा लपवलं. मी. बेबी गजभिये." माइक खरखरला म्हणून शेवटचं नाव दोनदा सांगावं लागलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मंदाकिनी मान खाली घालून रडत होती, तिला वाटतं तीही दोषी आहे. तिला मी नंतर समजावलं. जेवणाच्या रांगेत राजरत्न खोब्रागडेची आई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मी पण गुडघ्याला काहीबाही घेते. घरच्यांना माहीत नाही." तिला मी तिथेच रांगेत तिच्या सुनेजवळ नेलं आणि म्हटलं, सांग आता. ती माझ्यावर अजून चिडलेली असेल.

गुरुवारी मी त्सुईंकडे गेले. वकिलाची बंदी आता उठली आहे. मंडळाचा निकाल यायचाय, पण माझं पत्र त्यांना मिळालं होतं. खुर्च्यांवर दोन माणसं होती. पूर्वीपेक्षा कमी, जुलैपेक्षा बरी. मी उभ्या उभ्याच माफी मागितली. इंग्रजीत पाठ केलं होतं, मधेच विसरले, मग जसं सुचलं तसं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझी आई व्हँकूवरला आहे. ऐंशी वर्षांची. तीही वर्षातून एकदा तेच सलाइन घेते. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं."

खरंच सांगितलं होतं. मला आठवलं. मी ऐकलंच नव्हतं.

मी माझा हात काउंटरवर ठेवला. म्हटलं, "पुन्हा पेशंट म्हणून येऊ का? औषध नको असलं तरी, नुसती नाडी."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "मिसेस गजभिये, तुमच्यावर माझा राग नाही. पण तुम्ही काय खाता ते मला यापुढे कळणार नाही. न कळता मी कुणाला बघत नाही." आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मी हात काढून घेतला. दस्ताना घालायला वेळ लागला, डाव्या हाताची बोटं अजून नीट वळत नाहीत. बाहेर आले. बसची वीस मिनिटं होती, पण मी थांबले नाही, चालत घरी आले. दोनदा थांबावं लागलं.

शेवटचं एवढं मी गाळणार होते. दोन दिवस पत्र तसंच टेबलावर ठेवलं. तुला हे कळू नये असं फार वाटत होतं, म्हणून लिहिलं.

तुझी आत्या,
बेबी